शंभर वॉनचं नाणं परत केलं आणि तिथेच घोळ झाला: सुवॉनमधल्या एका सुरीचं प्रकरण

दक्षिण कोरियात, सोलजवळच्या सुवॉनमध्ये मी सात वर्षं राहतेय, आणि शनिवारी संध्याकाळी इथल्या मराठी मंडळींना बोलण्यापुरतं कोरियन शिकवते. त्यातल्याच एका जोडप्याबाबत मागच्या ऑक्टोबरमध्ये जे झालं ते सविस्तर लिहितेय, कारण नवीन येणाऱ्यांना आपण "हे करू नका, ते करू नका" अशी यादी हातात देतो आणि त्या यादीने काम भागत नाही, हे मला या प्रकरणात नीट कळलं. नावं देत नाही, ऑफिसचंही नाही. दोघं पिंपरीचे, तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत इंजिनिअर, ती घरून डिझाइनचं काम करते. येऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

त्याच्या टीम लीडने, म्हणजे थिमजांगनिमने, नवीन फ्लॅट घेतला आणि टीमला जिपतुरीला बोलावलं. जिपतुरी म्हणजे आपल्याकडची गृहप्रवेशाची पार्टी समजा, फक्त सत्यनारायण नाही. तारीख 11 ऑक्टोबर, शनिवार. छुसकची, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाची, मोठी सुट्टी नुकतीच संपली होती (मागच्या वर्षी छुसक आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली होती, 6 ऑक्टोबरला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी गच्चीवर दूध आटवलं होतं). आता प्रश्न आला गिफ्टचा. ऑफिसातल्या कुणालातरी विचारलं असतं तर पटकन उत्तर मिळालं असतं, टॉयलेट पेपरचा गठ्ठा किंवा कपड्यांची पावडर. हसू नका, इथे जिपतुरीला हेच नेतात. रोल जसा न अडकता सरसर उलगडतो तशी घरातली कामं सुरळीत व्हावीत, आणि साबणाचा फेस फुगतो तशी भरभराट व्हावी, असा त्यातला अर्थ.

पण या दोघांना वाटलं, टॉयलेट पेपर कसा न्यायचा साहेबांच्या घरी? आणि तिच्या डोक्यात ताजी होती खंडेनवमी. 1 ऑक्टोबरला तिने सुवॉनच्या त्या छोट्या किचनमध्ये पाटावर सुरी, कात्री, तिच्या आईने दिलेली छोटी विळी आणि त्याचा स्क्रूड्रायव्हर असं सगळं मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. ती मला नंतर म्हणाली, "ताई, आपल्याकडे ज्या वस्तूवर घर चालतं तिची आपण पूजा करतो ना, मग नवीन घराला चांगली सुरी देणं वाईट कसं असेल?" मला तिचं पटतं. तिच्या बाजूने बघितलं तर यात काहीच चुकीचं नव्हतं. दोघं सोलला नामदेमुन मार्केटला गेले, तिथे भांडीकुंडी विकणाऱ्यांची रांगच आहे, तिथून एक जड, छान तोललेली शिक्खाल घेतली. शिक्खाल म्हणजे स्वयंपाकाची मोठी सुरी, खाल म्हणजे सुरी किंवा तलवार, दोन्हीला एकच शब्द. सोबत फळं सोलायची छोटी, तिला ग्वादो म्हणतात. 85 हजार वॉन गेले, पॅकिंग देखणं करून घेतलं.

आता तिथे काय झालं ते.

घरात थिमजांगनिम, त्यांची बायको, सहा वर्षांची मुलगी आणि त्यांची आई, त्यांना सगळे हाल्मोनी म्हणजे आजी म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या दक्षिणेतल्या जिंजूजवळच्या खेड्यातल्या. याने दोन्ही हातांनी, वाकून गिफ्ट दिलं. तिथपर्यंत सगळं बरोबर. मुलीने कागद फाडला, डबा उघडला. वहिनी "अरे वा, किती छान" म्हणाल्या, पण म्हणायच्या आधी एक क्षण थांबल्या, तो क्षण हिने टिपला. हाल्मोनी काही बोलल्या नाहीत, उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि येताना हातात शंभर वॉनचं नाणं घेऊन आल्या. आपले सहा-सात रुपये. त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "घे."

त्याने काय करावं? आपण काय करतो? "अहो नको, कशाला, असू द्या." त्याने तेच केलं, त्याला येत होतं तेवढ्या कोरियनमध्ये, हात हलवून, "आनियो, ग्वेनछानायो," म्हणजे नको, असू द्या. हाल्मोनींनी परत पुढे केलं. त्याने परत नाही म्हटलं. आणि इथे खरी गंमत अशी की नको नको म्हणणं कोरियातही सभ्यपणाच आहे, एकदा-दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं, त्यामुळे हाल्मोनींना काही वावगं वाटलं नाही, त्यांनी तिसऱ्यांदाही दिलं. तेव्हा याने नाणं घेतलं, आणि लगेच त्या लहान मुलीच्या हातात ठेवलं, चॉकलेट घे म्हणून. आपल्याकडचा कुठलाही काका हेच करेल. मुलगी खूश, नाणं घेऊन पळाली. हाल्मोनी गप्प बसून राहिल्या.

म्हणजे बघा, नाणं घरातून बाहेर गेलंच नाही. सुरी भेटच राहिली.

कोरियात सुरी भेट दिली की नातं कापलं जातं, असं जुनी माणसं मानतात. प्रियकराला किंवा प्रेयसीला बूट दिले तर ते माणूस पळून जातं, तसंच हे. असा समज फक्त कोरियात आहे असं नाही, जपानमध्ये आहे, युरोपातही आहे. पण त्याच्यावरचा उपायही सोबतच दिलेला असतो, घेणाऱ्याने देणाऱ्याला एखादं नाणं द्यायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, सौदा होतो. विकत घेतलेली सुरी काही कापत नाही, भाजीशिवाय. हाल्मोनींनी रागावून नाणं दिलं नव्हतं, अपमान म्हणून तर नाहीच. या पोराने अनवधानाने जे केलं ते त्या स्वतः निस्तरत होत्या, त्याच्या भल्यासाठी. आणि त्याने निस्तरू दिलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली चूक म्हणाल तर ही, सुरी नेणं नव्हे.

जेवणातही एक प्रसंग झाला, छोटा आहे पण सांगते. टेबलावर सुरी कुठेच नव्हती. चमचे, चॉपस्टिक, आणि एक मोठी कात्री. वहिनींनी किमचीचं अख्खं पान भांड्यातून उचललं आणि कात्रीने कचाकच कापलं, मग जॉन, म्हणजे भाज्यांचं पिठातलं धिरडं म्हणा, तेही कात्रीने. ही थक्क झाली. आपल्याकडे कात्री म्हणजे शिवणकाम नाहीतर केस, जेवणाच्या ताटात कात्री म्हणजे आजीने ओरडलंच असतं. पण कोरियात सुरीचं काम स्वयंपाकघरात संपतं. जे काही चिरायचं ते आत, दोमावर म्हणजे चॉपिंग बोर्डवर, आणि ताटात येताना सगळं घासाएवढं होऊन येतं, कारण चमचा आणि चॉपस्टिकने खायचं असतं. जे राहिलं ते कात्री करते. टेबलावरच मांस भाजून खायच्या हॉटेलात तर एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात गावी, गावी म्हणजे कात्री, गाव नव्हे. थंड नूडल्सच्या दुकानात वाढणारी बाई कात्री घेऊनच येते, "कापून देऊ का?" आणि काही म्हातारी माणसं नको म्हणतात, लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, ते कोण कापून घेईल.

एक गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे मोकळी कात्री वाजवली की मोठी माणसं टोकतात, घरात भांडणं होतात म्हणून. आणि कोरियात पूर्वी योत विकणारा, योत म्हणजे चिक्कीसारखी चिवट गोड मिठाई, तो गल्लीत एक भलीमोठी बोथट कात्री नुसती खडखड वाजवत यायचा, ती वाजवण्यासाठीच असायची, आणि तो आवाज ऐकून पोरं धावत सुटायची. अजूनही जुन्या बाजारांत आणि जत्रांत हे दिसतं.

जेवणानंतर फळं आली. हाल्मोनींनी मोठं नाशपाती घेतलं, इथलं नाशपाती नारळाएवढं असतं, आणि एका सलग सालीत सोललं. हिने मदत करू का विचारलं. तेव्हा हाल्मोनींनी ग्वादो हिच्या हातात दिली नाही, ताटात ठेवली, मूठ हिच्याकडे वळवली आणि ताट सरकवलं. घरातली जुनी ग्वादो, नवीन नाही. नवीन डबा तसाच सोफ्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

पुढचा आठवडा. सोमवारी ऑफिसमध्ये थिमजांगनिम नेहमीसारखेच होते, पण बुधवारी लंचला हसत हसत बोलून गेले की आई रोज विचारते, त्या भारतीय मुलाने नाणं का घेतलं नाही, त्याला आपल्याशी संबंध ठेवायचा नाही का. ते हसत म्हणाले, पण हा घाबरला. योगायोगाने त्याच आठवड्यात त्याला दुसऱ्या लाइनवर हलवायचं चाललं होतं, त्याने दोन्ही जोडलं आणि रात्रभर झोपला नाही. लाइन बदलण्याचं ठरलं होतं ते सप्टेंबरमध्येच, या सुरीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे त्याला नंतर कळलं. पण परमुलखात माणूस असं जोडतोच, मी त्याला दोष देणार नाही.

गुरुवारी रात्री दोघं माझ्याकडे आले. त्याचा पहिला प्रस्ताव, सुरी परत मागून घेऊ आणि दुसरं काहीतरी देऊ. मी म्हटलं, अरे, दिलेली वस्तू परत मागणं हे तर जगात कुठेही वाईटच. दुसरा प्रस्ताव, माफीचं पत्र लिहू. मला तेही नको वाटलं, पत्र लिहिलं की छोटी गोष्ट मोठी होते आणि थिमजांगनिमला अवघडल्यासारखं होईल. मी माझ्या घरमालकीणबाईंना फोन लावला, त्या सत्तरीच्या आहेत, आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, मग जाऊन नाणं घेऊन या की, त्यात काय, सुरी अजून वापरली नसेल बघा. आणि खरंच, हाल्मोनींनी ती वापरू दिली नव्हती.

इथे थोडं थांबून एक सांगते, म्हणजे हाल्मोनी एवढ्या का बेचैन होत्या ते कळेल. त्यांच्या पिढीसाठी सुरी ही फक्त भाजी चिरायची वस्तू नाही. खेड्यात कुणाला अचानक पोटात दुखायला लागलं, अंगात कसकस आली की म्हणायचे, बाहेरचं काहीतरी लागलं, गेक्ग्वी, म्हणजे परक्या जागी मेलेल्याचं भूत. मग घरातलीच एखादी म्हातारी स्वयंपाकघरातली सुरी घ्यायची, आजाऱ्याच्या डोक्यावरून फिरवायची आणि अंगणातून दाराच्या दिशेने फेकायची. टोक बाहेरच्या बाजूला पडलं तर गेलं, आत पडलं तर परत फेकायची. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली सुरी नाहीतर विळा ठेवतात, त्याच्या अगदी जवळचं हे. लोखंडाच्या पात्यात ताकद असते ही भावना दोन्हीकडे आहे. कोरियातल्या मुदांग, म्हणजे देवऋषी बायका, जाकदुच्या पात्यावर अनवाणी उभ्या राहतात, जाकदु म्हणजे कडबा तोडायचा अडकित्त्यासारखा मोठा कोयता.

आणि सुरी कुणाच्या हातात हाही प्रश्न होताच. जोसॉन काळात, म्हणजे त्या घराण्याच्या जुन्या राजवटीत, खाटकाचं काम करणाऱ्या पेकजोंग लोकांना गावाबाहेर ठेवायचे, लहान मुलंसुद्धा त्यांच्या म्हाताऱ्यांना अरेतुरे करायची. 1894 च्या सुधारणांनी कागदावर हा भेद संपला, पण वागणूक बदलली नाही, म्हणून 1923 मध्ये जिंजूलाच ह्योंगफ्योंगसा ही संघटना उभी राहिली, पेकजोंगांना माणूस म्हणून समान वागवा यासाठी. नाव तराजूवरून घेतलं होतं, कारण मांस तोलणारा तराजू आणि न्यायाचा तराजू एकच. चार वर्षांनी, 1927 ला, आपल्याकडे महाडचं चवदार तळं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ शांत बसून होते. त्याच समाजात वरच्या घरातल्या बायका मात्र उन्जांगदो, चांदीच्या म्यानातली बोटभर सुरी, पोशाखाला लटकवून फिरायच्या, दागिना म्हणून आणि अब्रू राखायला म्हणून. दक्षिणेतल्या ग्वांगयांग शहरात अजून कारागीर त्या बनवतात, ती कला सरकारने 1978 मध्ये वारसा म्हणून जाहीर केली. एकीकडे सुरी हातात म्हणून माणूस हीन, दुसरीकडे सुरी कमरेला म्हणून कुलीन.

आजच्या तरुणांना यातलं काही नको असतं, ते ऑनलाइन सुरी मागवून मित्राला पाठवतात. पण त्यांच्या बोलण्यात खाल जागोजाग आहे. सहा वाजले की उठून जाणं म्हणजे खालथ्वेगुन, सुरीने कापल्यासारखं वेळेवर घरी जाणं. मेसेजला लगेच आलेलं उत्तर खालदाप. नाचणारी मुलं एकाच लयीत हात हलवतात ते खालगुन्मू. जानेवारीत सोलमधल्या हान नदीवरून येणारा वारा खालबाराम, आपण बोचरा म्हणतो तो. म्हणजे भाषेत सुरी ही नेमकेपणाची, शिस्तीची. त्यामुळे कोरियात सुरीला अशुभ मानतात असं एका वाक्यात कुणी सांगितलं तर ते अर्धवट आहे.

नुसती भावनेची नाही तर कायद्याची बाजूही आहे. 2023 च्या जुलैमध्ये सोलच्या शिल्लिममध्ये आणि ऑगस्टमध्ये शेजारच्या सोंगनाम शहरात सोह्योन स्टेशनजवळ भर गर्दीत सुरीहल्ले झाले, लोक हादरले, आणि 8 एप्रिल 2025 पासून सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय हत्यार बाहेर काढून लोकांना घाबरवणं हा वेगळा गुन्हा झाला, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटी वॉनपर्यंत दंड. नवीन सुरी बंद डब्यात, पावतीसकट घरी नेण्यात काही अडचण नाही, पण मेट्रोत डबा उघडून मित्राला पातं दाखवू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

तर दुसरी भेट. रविवार, 19 ऑक्टोबर. दिवाळी तोंडावर होती, हिने फराळाचा डबा केला, चकली आणि शंकरपाळे, आणि या वेळी सोबत टॉयलेट पेपरचा तीस रोलचा गठ्ठासुद्धा. मी दुभाषी म्हणून गेले. त्याने दारातच वाकून, पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की हाल्मोनी, मला रीत माहीत नव्हती, आज सुरीचे पैसे घ्यायला आलोय. हाल्मोनी आधी त्याच्याकडे बघत राहिल्या, मग तोंडावर हात ठेवून हसल्या, आणि आत गेल्या. नाणं आलं. शंभर वॉनच्या नाण्यावर ॲडमिरल ई सुन-शिन असतात, जपानी आरमाराशी लढलेले सोळाव्या शतकातले सेनापती, ज्यांच्या दोन मीटरला जराच कमी असलेल्या तलवारी आसान शहरात जपून ठेवल्यात, हे मी त्याला येताना सांगितलं होतं, त्यामुळे त्याने नाणं दोन्ही हातांनी घेतलं, उलटून बघितलं आणि खिशात ठेवलं. हाल्मोनी म्हणाल्या, "इगॉन नेगा सान गॉदा." ही मी विकत घेतली.

मग थिमजांगनिमने वातावरण हलकं करायला एक म्हण सांगितली, नवराबायकोचं भांडण म्हणजे सुरीने पाणी कापणं. मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही. हाल्मोनींना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा म्हणायला लावलं.

आणि त्यांनी डबा उघडला. दोमा ओट्यावर घेतला, आधीच मळून ठेवलेल्या कणकेचा गोळा लांब लाटण्याने टेबलभर लाटला, पीठ भुरभुरलं, पोळीसारखी घडी घातली, एक, दोन, तीन, आणि त्या नव्या शिक्खालने चिरायला घेतलं. डाव्या हाताची बोटं आत मुडपलेली, पातं बोटांच्या सांध्याला घासत खाली येतंय, टक टक टक टक, प्रत्येक शेवई अडीच-तीन मिलिमीटर, ऐंशीच्या पुढच्या बाईचा हात एकदाही थांबला नाही. मधेच सुरी वर धरून तिचं वजन बघितलं आणि सुनेकडे बघून मान हलवली. खालगुक्सू म्हणजे शब्दशः सुरीच्या शेवया. सुकवलेल्या मासळीच्या पाण्यात बटाटा आणि कोवळा भोपळा टाकून उकळल्या, वाफाळते बाऊल आले, आम्ही घाम येईपर्यंत खाल्लं. हिने शंकरपाळ्यांचं दाते असलेलं कातण सोबत आणलं होतं, ते हाल्मोनींनी उरलेल्या कणकेवर फिरवून बघितलं आणि नातीला नागमोडी पट्ट्या कापून दिल्या.

निघताना हाल्मोनींनी हिला विचारलं, तुमच्याकडे बाळंतिणीला काय काय खायला देतात. का विचारलं ते तेव्हा आम्हाला कळलं नाही, हिला कळलं असावं, कारण ती लाजली.

मंगळवारी, 21 तारखेला, लक्ष्मीपूजनाचा फोटो तिने ग्रुपवर टाकला. पाटावर चोपडी, केरसुणी, थोडे रुपये, बत्तासे, आणि रुपयांच्या शेजारी हळदकुंकू लावलेलं शंभर वॉनचं ते नाणं.